शिळं रडू

आमच्या भागात रडण्याच्या रीती ठरलेल्या आहेत. मयत झालं की बाया हेल काढून रडतात. गेलेल्या माणसाचे गुण, त्याच्या आवडीनिवडी, त्यानं कधी काय आणून दिलं होतं, सगळं त्या रडण्यात सांगतात. लेक सासरी निघाली की वेशीपर्यंत रडायचं, वेस ओलांडली की डोळे पुसायचे. सासुरवाशिणीला माहेरची आठवण आली तर तिच्यासाठी पहाटेचं जातं होतं. दळता दळता ती ओवीत मन मोकळं करायची आणि सासूही ऐकून न ऐकल्यासारखं करायची. दुःख कुठलंही असो, त्याला बसायला एक पाट मांडलेला होता.

एका दुःखाला मात्र आमच्याकडं पाट नाही. कोयत्याला जाताना रडायचं नसतं. ट्रॅक्टर दारात उभा असताना कुणी डोळ्याला पदर लावला तर म्हातारी माणसं लगेच ओरडतात, "आगं, वाटंला लागताना रडू ने! जित्या माणसामागं रडतेत व्हय?" बोलणं खरंच आहे. माणूस सहा महिन्यांसाठी जातंय, कारखान्याचा पट्टा पडला की परत येणार आहे. मग रडायचं कशापायी?

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगरातलं. पाटोदा-शिरूरच्या अंगाला. जमीन मुरमाड, हलकी. पाऊस झाला तर बाजरी, तूर, उडीद. नाही झाला तर धोंडे. तिकडं प्रवरेच्या पाण्यावर, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. 1950 साली त्याचा पहिला हंगाम सुरू झाला. मग नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सगळीकडं धुराडी उभी राहिली. पाणी तिकडं, ऊस तिकडं. तो तोडायला हात मात्र आमच्या डोंगरातून गेले. 1972 च्या दुष्काळात माझा आजोबा सरकारी कामावर खडी फोडायला होता. त्याच्या पुढच्या वर्षी त्यानं मुकादमाची उचल घेतली. तेव्हापासून आमच्या घराच्या आढ्याला कोयता खोचलेला आहे.

शहरातल्या वाचकांना हिशोब थोडक्यात सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. पावसाळ्यात घरात दाणे नसतात, पोरीचं लग्न असतं, कुणाचं दुखणं असतं. तेव्हा मुकादम कोयत्याप्रमाणं पैसे देतो. ही उचल. दसरा-दिवाळीपासून पुढं सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. फिटली तर फिटली, नाही तर पुढच्या हंगामावर. एखाद्या दिवशी काम चुकलं तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. म्हणजे आमची माणसं निघायच्या आधीच खर्च झालेली असतात. जायचं की नाही हा प्रश्न दसऱ्याला उरलेलाच नसतो.

भगवानगडावरचा दसरा झाला की गावाची घाई सुरू व्हायची. माय आधी बाजरीचं पीठ दळून आणायची. मग तवा, परात, हंडा, दोन गोधड्या, चिमणी, मिठाची पिशवी असं एका ठिकाणी ठेवत जायची. कोंबड्या एका घरी, शेळी दुसऱ्या घरी अर्धलीनं. दारातल्या तुळशीला कोण पाणी घालील ते तिसऱ्या घरी सांगून यायची. देव्हाऱ्यातले देव मात्र ती नेत नसे. "देवाला काहून कोपीत न्यायचं? त्यानला तरी घरी राहू द्यावा," असं म्हणायची.

निघताना ती उंबऱ्याला हात लावून तो हात कपाळाला लावायची. आम्हाला वाटायचं, पाया पडतीय. पुष्कळ वर्षांनी एकदा मी विचारलं तर म्हणाली, "पाया कशाची पडती? आठवणीत ठिवायची त्याला. कसा लागतोय हाताला ते."

मी चौथीला गेलो तसा घरच्यांनी मला शाळेसाठी मोठीआईजवळ ठेवायचं ठरवलं. मोठीआई म्हणजे दादाची, माझ्या बापाची, आई. धाकटा भाऊ दोन वर्षांचा होता. तो मायच्या कडेवर गेला. म्हणून मी हे दुःख दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. शाळेच्या दिवसात मागं राहून आणि सुट्टीत तळावर जाऊन.

मागं राहणाऱ्यांचं आधी सांगतो. ट्रॅक्टर गेला की गाव एकदम मोठं वाटायला लागतं. कालपर्यंत ज्या बोळात अंग चोरून चालावं लागायचं, तिथं कुत्री आडवी झोपतात. कुणाच्या दाराला कुलूप, कुणाच्या कडीला नुसती सुतळी. राहतात ती म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि लंगडीलुळी जनावरं. मोठीआई पहिले चार-पाच दिवस पाच माणसांच्या भाकरी थापायची. हाताला तेवढी सवय. मग उरलेल्या भाकरींकडं बघत बसायची आणि माझ्यावरच डाफरायची, "खाय ना मेल्या, कुणासाठी केल्यात?"

तिचं दुखणंही त्याच दिवसात निघायचं. दिवाळी झाली की गुडघे धरायचे. मग छातीत भरून यायचं, पोटात कालवायचं, झोप उडायची. बाजारच्या दिवशी आम्ही डॉक्टरकडं जायचो. डॉक्टर सुई द्यायचे, लाल गोळ्या द्यायचे. तिला बरं वाटायचं ते सुईनं नाही. दवाखान्याच्या ओट्यावर आजूबाजूच्या गावच्या सगळ्या म्हाताऱ्या बसलेल्या असायच्या. "तुमचे कुठं गेलेत?" "आमचे कराडकडं." "आमचे आवंदा कर्नाटकात." एवढं बोलणं झालं की तिचा चेहरा जरा उजळायचा. आणि पाडव्याला माणसं आली की तिचे गुडघे आपोआप चालायला लागायचे. डॉक्टरांना याचं आश्चर्य वाटत नसे. त्या भागातल्या सगळ्याच गुडघ्यांचं वेळापत्रक कारखान्याच्या हंगामावर चाललेलं होतं.

आम्हा पोरांचं निराळं होतं. आम्ही कधी आठवण आल्याचं बोलत नसू. बोललं की हसायचे. एक जण सारखा मारामाऱ्या करायचा. एक जण अंथरुणात मुतायला लागला आणि म्हातारा त्याला मारायचा. मी कोयत्यातून येणारी ट्रक ओळखायचो. दूर घाटात आवाज आला की गिअर बदलण्यावरून सांगायचो, ही मालाची, ही माणसांची. फेब्रुवारीत माणसांची ट्रक येत नाही हे मला ठाऊक होतं, तरी कान तिकडंच असायचा.

आता तिकडचं. तळ म्हणजे कारखान्याच्या आसपास किंवा कुणाच्या पडीक रानात उभ्या केलेल्या कोप्या. बांबूच्या कमानी, वर चटई नाही तर पाचट. आत माणूस मध्यभागीच ताठ उभा राहू शकतो. टायरगाडीवाल्यांच्या बैलांना कोपीपेक्षा चांगली जागा निवडलेली असते, कारण बैल बसला तर उचल फिटत नाही. आमचे दादा-माय डोकी सेंटरला होते. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर चुंबळ ठेवून मोळी घ्यायची आणि फळीवरून चालत ट्रकमध्ये चढवायची. एकेक मोळी 40 किलोपर्यंत जायची. पहाटे तीनला उठून स्वयंपाक, चारला फडात. ट्रक रात्री अकराला आली तरी भरायलाच लागायची. लेकरं फडाच्या कडेला पाचटावर. थंडीच्या दिवसात त्यांच्या गालांवर पाचटाच्या रेघा उठलेल्या असत.

दादाची गावात पत होती. तीन एकर का होईना, रानाचा धनी. सप्ताहात विणा घेऊन उभा राहायचा. लग्नात त्याला हाताला धरून पहिल्या पंगतीला बसवायचे. त्याच माणसाला तिकडं नाव नव्हतं. स्लिपबॉय हाक मारायचा, "ए कोयता!" मळेवाला म्हणायचा, "ओ बीडवाले, बांधावरनं चाला." एकदा मी तळावर असताना मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणल्यावरून कुणीतरी त्याला अरेतुरे केलं. तो काही बोलला नाही. रात्री कोपीबाहेर बसून त्यानं पटका सोडला, नीट घडी घातली आणि मायला म्हणाला, "ह्यो आता गावाकडंच बांधीन." त्या हंगामात तो उघड्या डोक्यानं राहिला. वर ऊन होतं, तरी.

मायचं बोलणं तुटलं होतं. गावात ती बोलकी. तिकडं मळेवाल्यांच्या बाया तिच्या 'काहून'ला, 'करतेत', 'जातेत'ला हसायच्या. त्या वाईट नव्हत्या, ताक द्यायच्या, जुनी लुगडी द्यायच्या, पण हसायच्या. मग ती मोजकंच बोलायला लागली. मराठीच बोलणारी बाई मराठी मुलखातच मुकी झाली. परदेशी जायला समुद्रच ओलांडावा लागतो असं नाही. तीनशे किलोमीटर पुरतात.

रात्रीची भीती वेगळी. कोपीला दार नसतं. वयात आलेल्या पोरी घरात असल्या की बाया पाळीनं जागायच्या. अंघोळ अंधारात, परसाकडं अंधारात. अंगावरून जायला लागलं तरी खाडा पडू नये म्हणून फडात. पुढं 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची चर्चा राज्यभर झाली, सरकारनं समिती नेमली, पेपरात फोटो आले. आमच्या गल्लीत ती बातमी नव्हती. माझ्या मायची पिशवी पस्तिशीतच काढलेली होती.

1996 च्या फेब्रुवारीत मोठीआई गेली. मी सातवीत होतो. सकाळी तिनं भाकरी केली, मला शाळेत लावलं आणि दुपारी मी आलो तर ती चुलीजवळच कलंडलेली होती. गावात माणसं किती? तिरडीला चार खांदे गोळा करताना शेजारच्या वाडीत निरोप पाठवावा लागला. चुलत आज्यानं पाणी दिलं. त्याला नीट चालता येत नव्हतं.

दादाला कळवायचं कसं? तालुक्याला जाऊन एका जाणत्यानं एसटीडीवरून कारखान्याच्या गटऑफिसला फोन केला. तिथून निरोप स्लिपबॉयकडं, स्लिपबॉयकडून तळावर. या प्रवासाला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसात माझी माय आणि दादा ऊस तोडत होते, जेवत होते, कदाचित हसतही असतील. घरात माणूस नाही आणि त्यांना ते माहीत नाही. मायला पुढं कित्येक वर्षं याच दोन दिवसांचं वाईट वाटायचं. "त्या दोन दिसात म्या काय काय केलं ते आठवती. एका रातीला गोड भात केल्ता," असं ती सांगायची.

निरोप कळल्यावर मुकादमानं दोघांना सोडायला नकार दिला. उचल फिटलेली नव्हती. पूर्ण कोयता गेला आणि आलाच नाही तर, ही त्याची भीती. दादा एकटा आला. तो आला तेव्हा राख सावडून झालेली होती. दहाव्याला त्यानं डोकं भादरलं, तेराव्याला पाच माणसं जेवू घातली आणि चौदाव्या दिवशी मला चुलत आज्याच्या ओट्यावर बसवून तो परत गेला. माय तिकडं एका अर्ध्या कोयत्याच्या जोडीला लागून तोडत राहिली. दादाच्या दिवसांचे खाडे वहीत मांडले गेले.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो पाडव्यानंतरचा दिवस. संध्याकाळचे ट्रॅक्टर आले. माय खाली उतरली, बोचकं तिथंच रस्त्यावर टाकलं आणि घराकडं निघाली. दाराशी आली, तोच उंबरा, त्याला हात लावला आणि तिनं हंबरडा फोडला. दोन महिने जुनं मरण. गावातल्यांची आसवं कधीच सुकलेली. पण ती जणू माणूस आत्ताच गेलंय अशी रडत होती. आणि मग मी बघितलं, तिच्यामागं गल्लीत दुसरीकडंही रडणं सुरू झालं. एकीचा सासरा दिवाळीत गेला होता. एकीची चुलती पौषात. एकीची शेजारीण, जिच्याकडं ती दर हंगामाला शेळी ठेवायची. ज्या-ज्या घरात सहा महिन्यांत कुणी गेलं होतं, त्या घरी बाया जात होत्या, गळ्यात पडत होत्या आणि हेल काढून रडत होत्या. अर्धी रात्र गाव रडत होतं.

आमच्याकडं याला 'शिळं रडू' म्हणायचे. चेष्टेनं नव्हे, शिळी भाकरी म्हणतात तसं. ताजी मिळाली नाही, तर शिळी खायची. पण उपाशी राहायचं नाही.

त्या रात्री माझ्या लक्षात आलं की बाया फक्त मेलेल्यांसाठी रडत नाहीत. मायच्या रडण्यात मोठीआई होती, तसाच तो पटका होता, हसलेल्या बाया होत्या, कडेवरचं पोरगं फडात तापलं तेव्हाची रात्र होती, मला मागं सोडून गेली ते होतं. हे सगळं तिनं मोठीआईच्या नावावर रडून घेतलं. जाताना रडायला बंदी, तिकडं रडायला वेळ नाही. मेलेल्या माणसाच्या आडोशानं जित्या माणसांचं रडू निघत होतं.

पुढं शिकून मी शिक्षक झालो, आमच्याच तालुक्यात. एका प्रशिक्षणात स्थलांतरित मुलांच्या मनाविषयी बोलताना एक नाव कानावर आलं. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरातले मानसोपचारतज्ज्ञ जोसेबा आचोतेगी. दूरदेशांहून, समुद्र ओलांडून आलेली माणसं त्यांच्याकडं येत. डोकं दुखतं, झोप नाही, थकवा जात नाही, रडू येतं. आचोतेगींचं म्हणणं असं की हा मनाचा आजार समजू नका. सोसण्यापलीकडचा ताण दीर्घकाळ सोसणाऱ्या धडधाकट माणसाची ही साद आहे. 2002 साली त्यांनी याला युलिसिसचं नाव दिलं. होमरच्या महाकाव्यातला, घराची ओढ लागलेला आणि वर्षानुवर्षं समुद्रावर भटकणारा तो युलिसिस.

त्यांनी स्थलांतराची सात दुःखं मोजली आहेत. घरची माणसं सुटणं, भाषा सुटणं, रीतभात सुटणं, माती सुटणं, समाजातला मान सुटणं, आपल्यातल्या माणसांचा संग सुटणं, आणि अंगावरच्या धोक्याची भीती. आणखी एक गोष्ट ते सांगतात, ती मला फार पटली. मरणाचं दुःख एकदा होतं; हळूहळू ओसरतं. स्थलांतराचं दुःख अर्धवट असतं, कारण गाव काही मेलेलं नसतं. ते तिथंच असतं, परत जाता येतं. म्हणून हे दुःख पुन्हा पुन्हा उसळतं. प्रत्येक भेटीला, प्रत्येक निरोपाला नव्यानं.

माझ्या डोळ्यांपुढं दसरा आणि पाडवा आले. परदेशी गेलेला माणूस एकदा उपटला जातो, कुठंतरी रुजतो. आमची माणसं दर वर्षी उपटायची आणि दर वर्षी लावायची. तिकडं रुजायचं नाही, कारण पाडव्याला निघायचंय. इकडं रुजायचं नाही, कारण दसऱ्याला निघायचंय. पन्नास हंगाम केलेल्या माणसाचं मूळ शंभर वेळा उघडं पडलेलं असतं.

त्या रात्री मी मायला ही सात दुःखं सांगितली. ती लसूण सोलत होती. एकेक ऐकून बोट मिटत गेली. "भाषा? व्हय. हसायच्या बाया. मान? तुझ्या बापाला इच्यार... म्हंजी असता तर इच्यारलं असतं. भ्याव? लई." सात झाली. मग आठवं बोट धरून म्हणाली, "आन् रडायला टायम न्हाई, हे कुठं लिव्हलंय त्या बाबानं?"

मी म्हणालो, "ते नसंल लिहिलं."

"मंग त्यानं कोयता पाह्यला नसंल," ती म्हणाली आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

आता दिवस बदललेत म्हणतात. काही बदललेत. मोबाइल आले. मरणाचा निरोप आता दोन मिनिटांत जातो. तळावर बसून लोक मोबाइलवर अग्नी देताना बघतात. हे बरं की वाईट, मला ठरवता येत नाही. दोन दिवसांचं अज्ञान गेलं, पण हात लावायला मिळत नाही ते नाहीच. मागं राहणाऱ्या पोरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय होते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. काही फडात हार्वेस्टर उतरलंय, त्याचीही धास्ती आहेच. ज्या कामानं छळलं, तेच जाईल म्हणून झोप लागत नाही. पण मजुरीच्या बोलण्यात टनाचा दर असतो, मुकादमाचं कमिशन असतं. मयतीची रजा हा शब्द त्या बोलण्यात मी कधी ऐकला नाही. माणूस गेलं तर कोयत्यातल्या दोघांनाही जाऊ द्यावं आणि वहीत खाडा मांडू नये, एवढं जरी एका ओळीत लिहून घेतलं, तरी पुष्कळ बायांचं रडू शिळं होणार नाही.

माझ्या वर्गात मागच्या हंगामात चौथीतली एक पोर होती. आई-बाप बेळगावकडं, ही आज्ज्याजवळ. संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला की गोधडीत तोंड घालून बसायची. आज्जा चिडायचा, आई तिकडं रडायची, पोरगी रागावली असं सगळ्यांना वाटायचं. मी एकदा तिला एकटीला विचारलं. ती म्हणाली, "बोललं की लई आठवण येती सर. न बोललं की कमी येती."

वसतिगृहात स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना मी हे सांगितलं. त्या स्वतः वीस हंगाम केलेल्या. त्यांनी तिला उपदेश केला नाही. संध्याकाळी भाकरी थापताना शेजारी बसवून घ्यायच्या आणि स्वतःचंच काही सांगायच्या. तळावर पहिल्या रात्री कशा रडल्या, मागं ठेवलेली पोर कशी परत आल्यावर ओळखेना. दहा-बारा दिवसांनी पोर भाकरीच्या परातीजवळ बसून रडली. मावशी म्हणाल्या, "रड बाई. जित्या माणसामागं बी रडावं लागतंय." हे वाक्य मी आमच्या गावात पहिल्यांदा ऐकलं.

मग आम्ही तिच्या आईला सांगितलं, चेहरा दाखवू नका, नुसता आवाज पाठवा. 'जेवलीस का, अभ्यास केलास का' विचारू नका. आज काय झालं ते सांगा. आईनं फडातून एक मिनिटाचा आवाज पाठवला. त्यात कोयत्याचा सपसप आवाज होता, लांबून कुणाचं तरी खोकणं, आणि आई सांगत होती की आज उसात सशाचं पिल्लू निघालं, ते सोडून दिलं. पोरीनं तो चार वेळा ऐकला. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या मोबाइलवर आईसाठी आवाज भरला. शेळी व्यायली, दोन पिल्लं, एक पांढरं. फार काही नाही. पण तिची गोधडी सुटली.

दादा गेल्यावर मायनं कोयता सोडला. आता दहा वर्षं झाली. तरी आश्विन लागला की तिची झोप जाते. रात्री उठून भांडी हलवते, पिठाचा डबा उघडून बघते. कुठं जायचं नसतं, पण हात निघायच्या तयारीला लागतात. पहिली दोन वर्षं मी तिला दवाखान्यात नेलं. आता त्या पंधरवड्यात मी तिच्याबरोबर जागतो. ती कुठल्या हंगामाचं काय सांगेल सांगता येत नाही. मी ऐकतो.

आणि गाव रिकामं झालं की तिचं काम सुरू होतं. गल्लीतल्या अकरा घरांच्या किल्ल्या तिच्याकडं असतात. एका नाड्यात ओवलेल्या. शनिवारी ती एकेक घर उघडते, झाडून काढते, देवापुढं दिवा लावते, तुळशीला पाणी घालते. गावात कुणी गेलं की ते ती लक्षात ठेवते. कुणाच्या नात्यातलं, कुठल्या तिथीला, शेवटचं काय बोललं, काय खाल्लं. मोबाइलवर बातमी आधीच गेलेली असते. शेवटचं काय खाल्लं ते मोबाइलवर कुणी सांगत नाही.

पाडव्याच्या सुमारास ट्रॅक्टर आले की बाया बोचकी टाकून आधी तिच्याकडं येतात, किल्ली मागायला. ज्यांच्या घरात काही झालेलं नसतं, त्यांना ती लगेच देते. ज्यांच्या घरातलं कुणी गेलेलं असतं, त्या बाईला ती आधी ओट्यावर बसवते, तांब्याभर पाणी देते, आणि स्वतः तिच्या शेजारी पदर सावरून बसते.